दार आत उघडतं

तू येकातेरिनबुर्गहून फोनवर सांगत गेलास
आणि मी बेकतुरच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानापासून,
उतरवत गेले:
लांबी सात पावलं (तुझी की माझी, विचारायचं राहिलं),
काच दक्षिणेला,
उत्तरेची भिंत मातीची, हातभर जाड,
दार पश्चिमेला, बाहेर उघडणारं.

केनेशबेक मास्तर निवृत्त झाले तरी
जमिनीला प्रश्न विचारायची त्यांची खोड गेली नाही.
बावीस डिसेंबरला भर दुपारी त्यांनी अंगणात काठी रोवली,
सावली मोजली, टोपी मागे सारली:
"एवढाच वर येतो बघ सूर्य. गुडघे धरलेला म्हातारा.
काच त्याच्याकडे तोंड करून उभी कर.
आडवी घातलीस तर ऊन घसरून जाईल
आणि बर्फ मात्र मुक्कामाला राहील."

खणायला मे उजाडला.
मांडीइतकं खाली गेलो आणि कुदळ खणकन वाजली.
दगड नव्हता. गेला हिवाळा होता,
भाडं थकवून बसलेल्या भाडेकरूसारखा.
खड्डा चार दिवस उघडा ठेवला. उन्हानं त्याला बाहेर काढलं.

विटा मी आणि तुझ्या बहिणीनं पाडल्या,
चिखल, भुसा, घोड्याची लीद.
शेवटच्या विटेवर अनारकुलनं करंगळी दाबली,
म्हणाली, ही माझी सही.
काच म्हणजे काच नव्हेच, नारिनच्या बाजारातलं दुहेरी प्लास्टिक,
पण आम्ही काचच म्हणतो.
डिझेलचे पाच पिंप काळे रंगवून भिंतीला लावले, पाण्यानं भरले.
दिवसभर तापायचं आणि रात्रभर
थोडं थोडं सोडत राहायचं,
इतक्या दमानं मला काहीच देता येत नाही,
हे तुला ठाऊक आहे.

रात्री काचेवर काय पांघरायचं, ते वहीत नव्हतं.
माळ्यावर तुझ्या वडिलांच्या तंबूचा नमदा होता,
सहा वर्षं गुंडाळलेला.
मी विचारलं नाही. उतरवला, झटकला.
धुराचा वास आला, मेंढीचा आला,
एक काडेपेटी पडली, आत तीन काड्या.
दोन बाजूंना दोर बांधले. संध्याकाळी सोडायचा, सकाळी ओढायचा.
म्हातारा भिंतीशी उभा, बराच वेळ.
मग म्हणाला,
"खालची कड दगडांनी दाब. वारा तिथून शिरतो."

आणि दार.
दाराचं तुला सांगितलं नव्हतं.

जानेवारीत तीन दिवस काही दिसलं नाही,
कुंपण नाही, गोठा नाही, स्वतःचा हात नाही.
चौथ्या सकाळी फावडं घेऊन गेले.
पूर्वेच्या दाराला छातीइतका बर्फ टेकलेला.
वरचा हातभर उपसला, कडी सरकवली, खांदा लावला,
आणि बर्फासकट मी आत घरंगळले,
थेट मुळ्यांच्या वाफ्यात.

काळोख होता. नमदा तीन दिवस उचललाच नव्हता.
पिंपाला हात लावला. गार, पण पाणी अजून पाणीच होतं.
बाहेर उणे एकतीस.
आतल्या काट्यावर चार.
वजा नाही, नुसते चार.
दोनदा काडी ओढून पाहिलं, तुझ्या वडिलांचीच.

तुझा फोन आला. मागे कुठेतरी लोखंड कापत होते.
"दार निघालं का?"
"आत उघडलं."
"मी बाहेर सांगितलं होतं."
"हो."
चार हिवाळे झाले, तुला इथला बर्फ भेटून,
हे ओठांवर आलं होतं. मी मुळ्यावरची माती पुसत राहिले.
कापणारं यंत्र थांबलं.
"शेपू?"
"दोन-दोन पानं आहेत. पिवळट."
"येताना कसल्या बिया आणू?"

येताना.
काडीच्या उजेडात मी वही शोधली.
"काकडी" लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह,
आणि बोट भाजलं.